संगणकावर प्रणाली बसविण्याच्या साधनांची कथा

वऱ्हाडांतील कापूस विलायतेच्या गिरण्यांना जाऊं लागला, तेव्हां व्यापाऱ्यांपुढची मोठी अडचण कापसाची नव्हती. ती गांठीची होती. मोकळा कापूस जागा फार अडवितो, वाटेंत भिजतो आणि वाऱ्यावर उडून जातो. म्हणून खामगांवासारख्या पेठेंत सरकी काढण्याच्या जिनांबरोबर कापूस दाबण्याचे प्रेसही आले. कापूस दाबून, पट्ट्यांनीं आवळून, वर खूण घालून त्याच्या गांठी बांधल्या जाऊं लागल्या. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा रेल्वेचा फांटा सुरू झाला आणि त्या गांठी थेट मुंबई बंदराच्या वाटेला लागल्या. गांठ बांधणारा एक, ती वाहून नेणारा दुसरा आणि गिरणींत ती उकलणारा तिसरा. या तिघांची एकमेकांशीं ओळख नसे. पण बांधणाऱ्यानें हयगय केली, तर तिचें फळ उकलणाऱ्याच्या पदरीं पडे.

संगणकावर चालणाऱ्या प्रणालीची, म्हणजे ज्याला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्याची, कथा याहून फारशी निराळी नाहीं. पुण्यास किंवा अमेरिकेंत कोणी एक प्रणाली लिहितो. ती चालावयाची असते बुलढाण्याच्या एखाद्या कचेरींतील टेबलावरच्या संगणकांत. या दोहोंच्या मध्यें बांधणें, वाहणें आणि उकलणें हीं तीन कामें उभीं असतात. त्यांपैकीं उकलण्याचें काम करणाऱ्या आज्ञावलीस 'इन्स्टॉलर' म्हणतात. दुकानांत आणि कचेऱ्यांत तिला 'सेटअप' असेंच नांव पडलें आहे. हा सेटअप कर्त्याला हातानें लिहावा लागत नाहीं. तो तयार करून देणारीं स्वतंत्र साधनें आहेत, आणि त्यांतील कोणतें साधन निवडावें, तें किती वर्षें संभाळावें, हा प्रश्न गेलीं तीस-पस्तीस वर्षें सर्व कर्त्यांपुढें आहे. त्या निवडीचे परिणाम मात्र कर्त्यापेक्षां कचेरींतल्या कारकुनास आणि त्याच्यापुढें कागदासाठीं ताटकळणाऱ्या शेतकऱ्यास अधिक भोगावे लागले आहेत.

सेटअपचें काम वरवर पाहतां सोपें दिसतें. पडद्यावर एक चौकट येते, दोन-चार वेळां कळ दाबली कीं काम आटोपतें. पण तेवढ्या वेळांत चार गोष्टी व्हाव्या लागतात. दाबून बांधलेल्या शेंकडों फायली उलगडावयाच्या. प्रत्येक फाईल तिच्या योग्य जागीं ठेवावयाची. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहींत या नव्या पाहुण्याचें नांव आणि ठिकाण लिहावयाचें. आणि पुढें हा पाहुणा घालवावयाचा झाला, तर त्यानें बरोबर काय काय आणलें होतें याची यादी राखून ठेवावयाची. पहिलीं तीन कामें बहुतेक सेटअप बरीं करतात. चवथ्या कामांत खरी परीक्षा होते.

संगणक येण्यापूर्वीं कचेरींत मराठी आणणें म्हणजे मराठी टंकलेखनयंत्र आणणें. यंत्र टेबलावर ठेवलें, फीत चढविली कीं काम सुरू. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें देशांत जिल्ह्याजिल्ह्यांतून आपलीं केंद्रें उघडलीं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत संगणकाचा प्रवेश झाला. १९८८-८९ मध्यें जमिनीचे दस्तऐवज संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. महाराष्ट्रांतून तिच्यासाठीं विदर्भांतीलच वर्धा जिल्हा निवडला गेला. सातबाऱ्याचा उतारा मराठींतच हवा, हें सांगावयास नको. तेव्हांचा संगणक मात्र रोमन लिपीखेरीज दुसरी लिपि जाणत नव्हता.

या अडचणीवरचा पहिला व्यवहार्य उपाय प्रणालीचा नव्हता, यंत्राच्या सुट्या भागाचा होता. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देवनागरीवर जें काम केलें, तें पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत आलें. ही संस्था १९८८ सालीं स्थापन झाली. तेथून 'जिस्ट' नांवाचें कार्ड निघालें. संगणकाची पेटी उघडून आंतल्या खांचेंत हें कार्ड बसवावयाचें; मग डॉसवर चालणाऱ्या, मूळच्या इंग्रजी प्रणालींतूनही मराठी अक्षरें पडद्यावर उमटत. येथें सेटअप म्हणजे हातांत स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला मनुष्य होता. त्याची एक सोय होती : काम झालें कीं नाहीं हें तो डोळ्यांनीं पाहून, चार ओळी लिहून, मगच पेटी बंद करी. गैरसोय अशी, कीं प्रत्येक संगणकास नवें कार्ड हवें, आणि बिघाड झाला तर तोच मनुष्य पुन्हां हवा. बुलढाणा शहरास रेल्वे नाहीं. मुंबई-हावडा लोहमार्गावरचें जवळचें स्थानक मलकापूर, आणि तेथून पुढें घाट चढून यावें लागतें. अशा गांवीं माणसाची वाट पाहणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

१९९० च्या दशकांत विंडोज रूढ झाली आणि कार्डाची जागा फ्लॉपीनें व पुढें सी.डी.नें घेतली. सी-डॅकचें 'आय.एस.एम.' आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचें 'श्रीलिपि' हीं नांवें छापखान्यांतून व कचेऱ्यांतून घरगुती झालीं. १९९१ मध्यें 'इस्की' या भारतीय लिप्यांच्या सांकेतिक पद्धतीस राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली होती. पण छपाईच्या सोयीसाठीं बनविलेल्या फाँटांचे संकेत कर्त्यागणिक निराळे राहिले. अशा फाँटांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या घरांत बसविलेला असे. फाँट संगणकावर असला तर मजकूर मराठी दिसे. नसला तर त्याच ठिकाणीं रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसे. चिखलीच्या छापखान्यांत जुळविलेली लग्नपत्रिका मेहकरच्या संगणकावर उघडतांच अशी होऊन जावी, हा प्रकार त्या काळीं नित्याचा होता. मजकूर बिघडलेला नसे. त्याचा अर्थ लावणारी फाईल त्या घरीं बसविलेली नसे. सेटअप झाला कीं नाहीं यावर कागदाचा अर्थच अवलंबून राहूं लागला.

सेटअप तयार करण्याचीं स्वतंत्र साधनें याच सुमारास प्रचारांत आलीं. आरंभीं बहुतेक कर्ते आपापला सेटअप आपणच लिहीत, आणि त्यांत एक खोड वारंवार दिसे. विंडोजमध्यें कांहीं फायली अनेक प्रणालींनीं मिळून वापरावयाच्या असतात, त्यांना डी.एल.एल. म्हणतात. एखादा सेटअप आपल्याजवळची जुनी डी.एल.एल. संगणकांतील नव्या फाईलवर चढवी, आणि त्या क्षणापासून शेजारची, कालपर्यंत उत्तम चालणारी प्रणाली बंद पडे. किंवा जातांना, ही फाईल आपलीच असें समजून, दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तु पुसून जाई. वाड्यांतील एका बिऱ्हाडानें घर सोडतांना सामायिक विहिरीचा दोरही बांधून न्यावा, तसाच हा प्रकार. हा दोष एकेका कर्त्याच्या सद्‌बुद्धीवर सोडून भागणारा नव्हता. सर्वांस एक नियम आणि तो पाळणारें एक साधन हवें होतें.

अमेरिकेंत इलिनॉय राज्यांत १९८७ सालीं वीरेश भाटिया आणि रिक हॅरोल्ड यांनीं स्थापिलेल्या कंपनीनें 'इन्स्टॉलशील्ड' हें साधन काढलें व तें पुढें जगभर पसरलें. मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावली लिहिण्याच्या संचाबरोबर त्याची एक आवृत्ति कांहीं काळ दिली जात असे; त्यामुळें असंख्य कर्त्यांचें तें पहिलें साधन ठरलें. १९९५ सालीं विंडोज ९५ आली, तिनें नोंदवहीची पद्धति रुळविली आणि बसविलेल्या प्रणालींची एक यादी ठेवून तींतून हवी ती काढून टाकण्याची सोय केली. तेव्हांपासून नीट बसणें आणि नीट निघून जाणें हा शिष्टाचार झाला.

इन्स्टॉलशील्ड विकत घ्यावें लागे. लहान कर्त्यांना तें जड जाई. १९९७ मध्यें जॉर्डन रसेल यानें 'इनो सेटअप' हें साधन मोफत दिलें. विनॲम्प ही गाण्यांची प्रणाली करणाऱ्या नलसॉफ्ट कंपनीनें स्वतःच्या गरजेसाठीं केलेलें 'एन.एस.आय.एस.' हेंही थोड्याच वर्षांत सर्वांस खुलें झालें. या दोहोंचा विशेष असा, कीं त्यांत सेटअपची सारी कृति साध्या मजकुराच्या एका फाईलींत लिहावयाची असते : अमुक फाईल अमुक जागीं ठेव, अमुक नोंद कर, जातांना अमुक पूस. चौकटी भरून व कळा दाबून केलेला सेटअप करणाऱ्याच्या स्मरणांत राहतो. लिहून ठेवलेली कृति त्याच्यामागें दुसऱ्यास वाचतां येते, काल काय होतें आणि आज काय बदललें हें ताडून पाहतां येतें. लोणच्याची कृति आजीच्या हातांत असणें आणि ती वहींत लिहिलेली असणें यांत जो फरक, तोच येथें आहे. साधन निवडतांना या एका गोष्टीकडे आरंभीं फार थोड्यांनीं लक्ष दिलें, आणि मूळ कर्ता नोकरी सोडून गेल्यावर पुष्कळांना तिची आठवण झाली.

१९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ऑफिस २००० बरोबर 'विंडोज इन्स्टॉलर' ही नवी व्यवस्था आणली. येथें सेटअप ही आज्ञावली न राहतां एक कोष्टक-संग्रह झाला : काय, कोठें, कशासाठीं हें कोष्टकांत भरावयाचें आणि बसविण्याचें काम विंडोजनें स्वतः करावयाचें. मध्येंच वीज गेली किंवा चूक झाली तर झालेलें काम मागें फिरवून संगणक पूर्वस्थितीवर आणण्याची योजना तींत होती. मोठ्या कचेरींत, जेथें सर्व संगणक एका जाळ्यांत असतात, तेथें एका जागेवरून सर्वांवर प्रणाली बसवितां येऊं लागली. २००४ च्या एप्रिलांत मायक्रोसॉफ्टमधील रॉब मेन्शिंग याच्या 'विक्स' या साधनाची मूळ संहिता खुली करण्यांत आली. अशा खुल्या परवान्याखालीं त्या कंपनीनें बाहेर दिलेलें तें पहिलें काम होय. विक्समुळें विंडोज इन्स्टॉलरचीं कोष्टकेंही मजकुराच्या रूपांत लिहितां येऊं लागलीं.

तरीहि मोठ्या शहरांत जें साधन सोयीचें, तें जिल्ह्याच्या ठिकाणीं सोयीचें असतेंच असें नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांत १३ तालुके आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचें जळगांव जामोद एका टोकास आणि सरोवराचें लोणार दुसऱ्या टोकास. प्रत्येक तालुक्याच्या कचेरींत दहा संगणक धरले तर १३० संगणक होतात. एका संगणकावर चौकटींतल्या कळा दाबीत बसावयास वीस मिनिटें लागलीं, तर केवळ दाबण्याचेच ४३ तास झाले, एस.टी.चा प्रवास निराळा. जाळें असेल तर हें काम एका आज्ञेनें होतें. जाळें नसेल तर निदान, एकदां सुरू करून दिल्यावर कांहीं न विचारतां पूर्ण होणारा सेटअप हवा. तशी सोय इनो सेटअप, एन.एस.आय.एस. व विंडोज इन्स्टॉलर या सर्वांत आहे. पण ती चालावी म्हणून कर्त्यानें सेटअप लिहितांनाच काळजी घ्यावी लागते. उलटपक्षीं विंडोज इन्स्टॉलरचा एक गुण येथें दोष ठरे. एखादी फाईल हरवली कीं प्रणाली स्वतःची दुरुस्ती करूं लागे आणि त्यासाठीं मूळची सी.डी. मागे. ती सी.डी. कोणाच्या कपाटांत आहे हें ठाऊक नसलें, म्हणजे दुरुस्तीची चौकट रोज सकाळीं उभी राही.

मराठीचा प्रश्न आणखी खोल होता. जगांतील सर्व लिप्यांस एकच सांकेतिक पद्धति असावी या हेतूनें 'युनिकोड'ची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली आणि तींत देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारानें झाली. विंडोज २००० मध्यें देवनागरी प्रथम अंगभूत आली. विंडोज एक्सपी २००१ मध्यें आली. पण तींत भारतीय लिप्यांची सोय मूळ अवस्थेंत बंद असे. ती उघडण्यासाठीं प्रादेशिक भाषांच्या चौकटींत एका ओळीपुढें खूण करावी लागे, आणि ती खूण करतांच संगणक विंडोजची सी.डी. मागे. संगणक विकत घेतांना ती सी.डी. ज्यांच्या हातीं आली नाहीं, त्यांच्या संगणकांत मराठी असूनही नव्हती. घरांत धान्य आहे, पण कोठाराची किल्ली दुकानदारापाशीं राहिली, अशी ती स्थिति. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ च्या सुमारास, ही खूण करण्याची गरज उरली नाहीं.

सेटअपच्या साधनांस मात्र मराठी याहूनही उशिरा आली. युनिकोडपूर्वीं विंडोजनें निरनिराळ्या लिप्यांसाठीं निरनिराळीं संकेतकोष्टकें ठेवलीं होतीं. रशियनला एक, ग्रीकला एक, अरबीला एक. देवनागरीसाठीं असें कोष्टक तिनें केलेंच नाहीं. म्हणून जुन्या कोष्टकांवर चालणाऱ्या साधनानें केलेल्या सेटअपमध्यें 'पुढें' किंवा 'रद्द करा' हे दोन साधे शब्दही मराठींत दाखवितां येत नसत. आंतली प्रणाली मराठी असली, तरी तिच्या दारावरची पाटी इंग्रजीच असे. इनो सेटअपची युनिकोड आवृत्ति २००९ मध्यें निघाली आणि २०१९ च्या सहाव्या आवृत्तीपासून तें साधन केवळ युनिकोडचेंच राहिलें. एन.एस.आय.एस.नें ही सोय २०१६ मध्यें तिसऱ्या आवृत्तींत अंगभूत केली. इंग्रजी न जाणणाऱ्या दुकानदारास किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायास पडद्यावरची चौकट काय विचारते आहे हें कळावें, एवढी साधी गोष्ट. पण ती पुरी होण्यास साधनें बदलावीं लागलीं.

विंडोजखेरीज दुसरीही एक परंपरा आहे. १९९३ मध्यें इयन मर्डॉक यानें 'डेबियन' ही खुली कार्यप्रणाली सुरू केली. तींत प्रत्येक कर्त्याचा निराळा सेटअप नसतो. सर्व प्रणाली एका सामायिक कोठारांत, ठरलेल्या मापाच्या गठ्ठ्यांत ठेवलेल्या असतात. कोणत्या गठ्ठ्यास दुसऱ्या कोणत्या गठ्ठ्याची गरज आहे हें त्यावरच लिहिलेलें असतें. आणि 'ॲप्ट' नांवाचें साधन एक मागितलें कीं त्याच्या गरजेचे सारे आणून बसवितें. नवी आवृत्ति आली तरी तेंच पाहतें. सी-डॅकनें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली याच डेबियनवर आधारलेली असून तींत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. कोठाराच्या पद्धतींत सामायिक विहिरीचा दोर कोणी नेऊं शकत नाहीं, हा मोठा लाभ. पण कोठार दूरच्या संगणकावर असतें. ज्या गांवीं इंटरनेट दिवसांतून घटकाभर टिके, तेथें ॲप्टपेक्षां खिशांतली सी.डी. भरवशाची वाटे, आणि त्यांत त्या माणसांची कांहीं चूक नव्हती.

सी.डी.चाही एक चांगला प्रयोग झाला. केंद्र सरकारच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान कार्यक्रमानें २००५ मध्यें प्रथम तमिळ व नंतर हिंदी भाषेसाठीं मोफत प्रणालींच्या सी.डी. काढल्या, पुढें मराठीचीही निघाली. फाँट, कळफलकाची जुळणी, लेखनाची कचेरी-प्रणाली असें पुष्कळ कांहीं एकाच चकतीवर मिळूं लागलें. ज्यानें ती मागविली त्याची सोय झाली. पण चकती छापली कीं तिच्यावरचा मजकूर तेथेंच थांबतो. दोन वर्षांनीं विंडोज बदलली, चकती मात्र तीच राहिली.

येथें या कथेचा सर्वांत दुःखद भाग येतो. विंडोज ९५ च्या काळांत पुष्कळ सेटअपांचा आरंभीचा भाग मुद्दाम जुन्या, १६-बिटी जातीचा ठेवीत. हेतु असा, कीं तो त्याहून जुन्या विंडोजवर उघडला तरी निदान 'ही प्रणाली येथें चालणार नाहीं' एवढें सांगूं शकावा. हेतु चांगला होता. परंतु ६४-बिटी विंडोज १६-बिटी आज्ञावली मुळींच चालवीत नाहीं. त्यामुळें नव्या संगणकावर असा चमत्कार दिसूं लागला, कीं आंतली ३२-बिटी प्रणाली अजून धडधाकट आहे, पण तिच्या दारावरचा सेटअप मेला आहे आणि म्हणून आंत जातां येत नाहीं. कांहीं प्रसिद्ध सेटअपांपुरती मायक्रोसॉफ्टनें बदली आज्ञावली पुरविली. बाकीच्यांचें दार बंदच राहिलें. २०२१ मध्यें आलेली विंडोज ११ तर केवळ ६४-बिटीच आहे.

जुन्या फाँटांत लिहिलेले ठराव, जुन्या प्रणालींत ठेवलेले हिशेब, छापखान्यांत जुळविलेलीं गांवचीं स्मरणिका-पुस्तकें यांचें भवितव्य या बंद दारांशीं जोडलेलें आहे. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्यें आणणारीं परिवर्तनाचीं साधनें आहेत, आणि ज्यांनीं वेळेवर तें केलें त्यांचे कागद वांचले. ज्यांनीं तें उद्यांवर टाकलें, त्यांच्या कपाटांत चकत्या आहेत. पण त्या चालविणारा संगणक दर वर्षीं अधिक दुर्मिळ होत आहे. मोडी लिपींतील दप्तरांवरून ज्यांनीं धडा घ्यावयाचा होता, त्यांनाच तो पुन्हां शिकावा लागत आहे. फरक इतकाच, कीं मोडी वाचणारा तयार करतां येतो आणि दप्तर उजेडांत धरलें तर अक्षर तरी दिसतें.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. रोमन कळांवरून उच्चारानुसार मराठी लिहूं देणारें गूगलचें एक साधन विंडोजवर अतिशय लोकप्रिय झालें होतें. पुढें कंपनीनें त्याचा विंडोजवरील सेटअप देणें बंद केलें. ज्यांची बोटें त्या पद्धतीला सरावलीं होतीं, त्यांनीं जुना सेटअप मित्राच्या पेन-ड्राइव्हवरून, अनोळखी संकेतस्थळांवरून मिळेल तेथून घेतला. गांठीवरची खूण पाहिल्याशिवाय माल घेणें हें कोणताही अडत्या करणार नाहीं. सेटअपवरही कर्त्याची सांकेतिक सही असते आणि ती तपासण्याची सोय विंडोजमध्यें १९९० च्या दशकापासून आहे. कर्ता अज्ञात असल्याची सूचना पडद्यावर येते ती याचसाठीं. पण गरजेपुढें ती सूचना वाचतो कोण? अशा वाटेनें विषारी आज्ञावली संगणकांत शिरतात, आणि त्याचा दोष वापरणाऱ्यावर टाकतांना, चांगला सेटअप त्याच्या हातून काढून कोणीं घेतला, हेंही विचारलें पाहिजे.

गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ कामें ब्राउझरमधून होऊं लागलीं आणि सेटअपचा काळ संपला असें म्हटलें जाऊं लागलें. सातबाऱ्याचेंच पाहावें. पूर्वीं तहसिलीच्या संगणकांवर बसविलेल्या प्रणालींतून निघणारा उतारा आतां मध्यवर्ती संगणकावरून येतो, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या घेतां येतो. लोणारच्या शेतकऱ्यास त्यासाठीं कांहीं बसवावें लागत नाहीं. पण त्या उताऱ्यावर सही करणाऱ्या तलाठ्याच्या संगणकास सहीची छोटी चावी जोडावी लागते, आणि ती चावी ओळखणारी आज्ञावली तेथें बसवावीच लागते. छापण्याचें यंत्र, बोटांचे ठसे घेणारें यंत्र यांचेंही तेंच. ज्या दिवशीं ती आज्ञावली नव्या विंडोजवर बसत नाहीं, त्या दिवशीं सही अडते आणि रांगेंतला मनुष्य उद्यां या असें ऐकून परत जातो. त्याचा बसभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्याही सेटअपच्या किंमतींत धरलेला नसतो.

मग साधन निवडावें कसें? या इतिहासांतून निघणारें उत्तर फारसें गूढ नाहीं. सेटअपची कृति वाचतां येईल अशा मजकुरांत लिहिलेली असावी आणि ती प्रणालीच्या मूळ संहितेशेजारींच जपून ठेवावी. सेटअप देवनागरी दाखवूं शकणारा असावा. तो न विचारतां बसणारा आणि मागें कांहीं न ठेवतां, दुसऱ्याचें कांहीं न नेतां, निघणारा असावा. आणि ही परीक्षा नव्या कोऱ्या संगणकावर घ्यावी, लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर नव्हे, कारण तेथें सारें आधींच हजर असतें. त्यावर सही असावी. जेथें जाळें आहे आणि शेंकडों संगणक एकाच्या देखरेखीखालीं आहेत, तेथें विंडोज इन्स्टॉलर व विक्स यांचा अभ्यास कठीण असला तरी तो सार्थकीं लागतो. जेथें चार माणसांची संस्था एक प्रणाली तालुक्यांतल्या दुकानदारांस देते, तेथें इनो सेटअपसारखें साधें साधन पुरेसें होतें. कोठाराची पद्धति जेथें चालण्यासारखी आहे तेथें ती सर्वांत निर्धोक.

आणि साधन संभाळणारा कोण, हेंही पाहावें. इन्स्टॉलशील्ड २००४ मध्यें मॅक्रोव्हिजन कंपनीनें घेतलें आणि पुढें तें फ्लेक्सेराच्या नांवाखालीं गेलें. मालक बदलले तसे दर आणि नियम बदलले. विक्सची संहिता खुली आहे. पण तिची निगा करणाऱ्यांनीं २०२५ मध्यें, त्या साधनावर पैसा मिळविणाऱ्यांकडून निगेचें शुल्क घेण्यास आरंभ केला. कित्येकांस तें रुचलें नाहीं. परंतु वीस वर्षें फुकट पाणी भरल्यावर विहिरीचा गाळ काढण्याची वर्गणी मागितली गेली, तर तींत गैर कांहीं नाहीं. गाळ कोणी तरी काढावाच लागतो. आणि तो ज्या गांवीं काढला जात नाहीं, तेथील विहीर कशी होते हें वऱ्हाडांत उन्हाळा काढलेल्यास ठाऊक असतें.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुन्या चकत्यांची एखादी पेटी माळ्यावर असेल. ती एकदां खालीं उतरवून पाहण्यासारखी आहे. तींतील कोणती प्रणाली अजून बसते, कोणता कागद अजून उघडतो, हें एका वहींत लिहावें. जो उघडतो तो युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा. ज्या सेटअपवांचून घरचें काम अडेल त्याची मूळ प्रत, तिची आवृत्ति आणि ती कोठून आली हें टिपून ठेवावें. कचेऱ्यांनीं हेंच काम मोठ्या प्रमाणावर करावयाचें आहे. त्याला नवीं यंत्रें लागत नाहींत. एक जबाबदार मनुष्य, एक वही आणि जुना संगणक बंद पडण्यापूर्वींचे थोडे दिवस एवढेंच लागतें.